वळणाचा हिशेब



खडकीच्या श्रोत्यांपुढे चाकाविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना चालू आहे, १९४६ पासून किर्लोस्करांची तेलावरची एंजिने तयार होतात, लष्कराच्या कार्यशाळेत रणगाडे खोलून पुन्हा उभे केले जातात आणि मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडला की दापोडीला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा लागते. मुंबईचा जुना रस्ताही आपल्या दारावरून जातो. येथे जमलेल्या माणसांपैकी ज्याचा हात पान्याला लागलेला नाही किंवा ज्याच्या घरात अशा हाताचा माणूस नाही, असा एखादाच असेल. म्हणून आज आम्ही जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता परका वाटला, तरी मुळात आपल्याच घरचा आहे.

विषय आहे संगणकावरील मोटार शर्यतींचा. आजची मुले टेबलाला स्टिअरिंगचे चाक अडकवितात, पायाशी ब्रेक-क्लचच्या पट्ट्या ठेवतात आणि पडद्यावर दिसणाऱ्या रस्त्यावर, दूरदेशी बसलेल्या दुसऱ्या मुलांबरोबर, शर्यत लावतात. घरातील वडीलधारी माणसे त्याला पोरखेळ म्हणतात. खेळ तो आहेच, परंतु त्या खेळाच्या पोटात काय भरलेले आहे हे पाहू लागलो, तेव्हा आम्हांस तेथे दोनशे वर्षांचा इतिहास सापडला. गाडीवानाच्या मुठीत, मजुराच्या पावलात आणि ड्रायव्हरच्या पाठीच्या कण्यात असलेली विद्या आधी कागदावर कशी आली, कागदावरून सूत्रात कशी गेली आणि सूत्रातून आकड्यांच्या यंत्रात कशी जाऊन बसली, याचा तो इतिहास आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसांना या इतिहासाबद्दल एकच प्रश्न पडतो: विद्या जेव्हा कामकऱ्याच्या अंगातून निघून दुसऱ्याच्या वहीत जाते, तेव्हा ती कोणाची होते?

आरंभ चाकोरीपासून करू. आपल्या देशावर बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव बसवीत असे. ती धाव वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेली की जमिनीत दोन खोल रेघा पडत. ती चाकोरी. या रस्त्याचा आखणारा कोणी एक नव्हता. चाकानेच रस्ता आखला आणि रस्त्याने पुढच्या चाकांना वळण लावले. दोन चाकांमधील अंतर एका मुलखात सारखेच ठेवावे लागे, नाहीतर गाडी चाकोरीत बसत नसे. म्हणजे वाट आणि वाहन ही दोन्ही एकमेकांना घडवितात हा सिद्धांत आपल्या सुतार-लोहारांना पुस्तकाविना ठाऊक होता. शर्यतीची वाटही आपल्याकडे नवी नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागांत बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी किंचित चढाची मातीची धावपट्टी बांधलेली असते. तिला घाट म्हणतात, प्रत्येक गाडा आपली बारी एकटा पळतो आणि सेकंदांवर निकाल लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली. घड्याळाशी धावण्याची कल्पना मुलांनी परदेशातून उसनी आणली असे म्हणण्याचे म्हणूनच कारण नाही.

चाकोरी सोडून आखलेला रस्ता आपल्या बाजूला आला तो बोरघाटात. १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, तेथे चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. पुढे १८५६ ते १८६३ या काळात त्याच घाटातून आगगाडीचा मार्ग काढण्यात आला. जेम्स बर्कले हा त्याचा मुख्य अभियंता. आगगाडीला बैलासारखा दम नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ सोसत नाही. म्हणून चढ कोठेही ३७ फुटांस १ फुटाहून अधिक होऊ द्यायचा नाही असा हिशेब बांधला गेला, २५ बोगदे खणले गेले आणि एके ठिकाणी गाडीचे तोंड फिरवून पुढे नेण्याची सोय करावी लागली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि अल्पावधीत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुरे केले. तिचे नाव इतिहासात आहे, आणि ते असणे योग्यच आहे. परंतु त्याच १८५९ साली मजुरीसाठी ज्यांनी घाटात उठाव केला आणि जे पटकीने व सुरुंगाने हजारोंनी मेले, त्यांची नावे कोठेही नाहीत.

या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. जुन्या रस्त्याने जाणारा ट्रकवाला अजून तेथे नाणे टाकतो. लोककथा अशी की, साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरांची वाट दाखविली. साहेबाने बक्षीस विचारले, त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा आहे, दप्तरातली नोंद नव्हे. तरीही ती इतकी वर्षे टिकली, याचे कारण तिच्यात लोकांच्या अनुभवाचे सार आहे. वाट पायांना माहीत असते, नकाशा दुसऱ्याचा होतो आणि ज्याने वाट दाखविली त्याच्या वाट्याला देऊळ येते. ही कथा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग पडणार आहे.

आता वळणाकडे येऊ. गाडी वळते तेव्हा ती सरळ जाऊ पाहते आणि रस्ता तिला आत ओढतो. ओढण्याचे काम टायर आणि डांबर यांच्यातील पकड करते. किती ओढ लागते, याचा हिशेब शाळेतील मुलालाही येण्यासारखा आहे: वेगाचा वर्ग करावा आणि वळणाच्या त्रिज्येने भागावे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरने गाडी गेली, तर तिच्या वजनाच्या सुमारे पावपट ओढ लागते. तेच वळण ताशी ६० ने घेतले तर वेग दुप्पट झाला, पण ओढ चौपट, म्हणजे जवळजवळ गाडीच्या वजनाइतकी झाली. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड वजनाच्या सात-आठ दशांशांपर्यंत जाते, ओल्यावर ती बरीच खाली येते. तेव्हा ३० ने सुखरूप जाणारी गाडी ६० ने खड्ड्यात का जाते, याला नशीब कारण नाही. तो वर्ग आहे. अनुभवी ड्रायव्हर हे गणित मांडत नाही. तो म्हणतो, ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नको. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. दोन्ही वाक्ये त्याच वर्गाची मराठी भाषांतरे आहेत.

टायरवरचा भार हलका करण्यासाठी रस्त्याची बाहेरची कड उंच करतात. भारतीय रस्ते परिषद १९३४ साली स्थापन झाली. तिने घालून दिलेला नियम असा: वेगाचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या २२५ पटीने भागा, म्हणजे कड किती उंच करायची ते निघते. ताशी ४० किलोमीटर वेग आणि १०० मीटर त्रिज्या धरली तर सुमारे ७ टक्के उत्तर येते; ७ मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड अर्ध्या मीटरने वर न्यावी लागते. यातील २२५ हा आकडा पूर्ण वेग न धरता तीन चतुर्थांश वेग धरून काढलेला आहे, आणि सपाटीवर ७ टक्क्यांहून अधिक उंची द्यायची नाही अशी मर्यादाही आहे. कारण काय? आपल्या रस्त्यावर मोटारीबरोबर कडब्याने शिगोशीग भरलेली बैलगाडीही चालते. कड फार उंच केली तर ती संथ गाडी आतल्या बाजूला कलंडेल. मित्रहो, या एका आकड्यात आपला सारा समाज बसलेला आहे. हळू चालणाऱ्याला सांभाळून वेगवानाची सोय पाहावी, असे त्या सूत्रकर्त्यांनी ठरविले. सूत्रे निर्जीव असतात हा समज खोटा आहे. प्रत्येक सूत्रात कोणाला धरले आणि कोणाला वगळले हे लिहिलेले असते.

शर्यतीच्या रस्त्यावर बैलगाडी नसते, म्हणून तेथे हिशेब निराळा होतो. १९०७ साली इंग्लंडात सरे परगण्यात ब्रुकलँड्स येथे ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्या जागेत खास मोटारींसाठी वर्तुळाकार मार्ग बांधला. सुमारे साडेचार किलोमीटरच्या त्या मार्गाच्या वळणावर बाहेरची कड सुमारे नऊ मीटर उंच, म्हणजे तीनमजली घराएवढी होती. अशा कलत्या वळणावर एक वेग असा असतो की, त्या वेगाने जाताना स्टिअरिंग फिरवावेच लागत नाही. रस्ताच गाडीला वळवितो. मध्य प्रदेशात पिथमपूर येथे २०२१ च्या जूनमध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा चाचणीमार्ग सुरू झाला. त्याच्या वळणांचा हा तटस्थ वेग ताशी २५० किलोमीटर आहे.

ब्रुकलँड्सला शर्यती होत, तशाच गाड्यांच्या परीक्षाही होत. तेव्हापासून रस्त्याचा एक नवा प्रकार जन्मास आला. तो कोठेही नेत नाही. तो गाडीला प्रश्न विचारतो. पुण्याच्या परिसराला हा प्रकार चांगला परिचित आहे. वेताळ टेकडीवर १९६६ साली मोटार उद्योगाची संशोधन संस्था, म्हणजे ए.आर.ए.आय., उभी राहिली. त्याच सुमारास तेव्हाची टेल्को, २००३ पासूनची टाटा मोटर्स, पिंपरीत आली आणि कारखान्याच्या आवारात तिने चाचणीचा मार्ग बांधला. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर येथील लष्करी वाहनसंशोधन केंद्रातही असे मार्ग आहेत. अशा ठिकाणी मुद्दाम खराब केलेले रस्ते असतात: दगडांचे, लाटांचे, खड्ड्यांचे, पाण्याचे. गावाकडच्या रस्त्यावर दहा वर्षांत गाडीचे जे हाल होतील ते तेथे थोडक्या आठवड्यांत करून पाहतात. आणि गाडीत बसून ते हाल अंगावर घेतो चाचणी ड्रायव्हर. पाट्यांचा आवाज, स्टिअरिंगची थरथर, मागची बाजू किंचित घसरल्याची जाणीव हे सारे त्याच्या बैठकीला आधी कळते आणि मग साहेबांच्या अहवालात उतरते.

हे अंगाला कळणारे ज्ञान गणितात कसे आले? सगळ्यात अवघड कोडे टायरचे होते. रबराचे चाक वळविले म्हणजे गाडी बरोबर चाकाच्या तोंडाच्या दिशेने जाते असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. जमिनीला टेकलेला रबराचा भाग तळहाताएवढा असतो. तो दाबला जातो, पिळवटतो आणि गाडी चाकाच्या तोंडापासून थोडी तिरकी सरकते. १९२५ साली ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने या तिरकेपणाकडे लक्ष वेधले. रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेलेल्या मॉरिस ऑलीने त्यावरून गाडीचे दोन स्वभाव ओळखले: एक, वळविले त्यापेक्षा कमी वळणारी, म्हणजे नाक बाहेर काढणारी गाडी, दुसरी, अधिक वळणारी, म्हणजे शेपूट फेकणारी. १९५६ साली विल्यम मिलिकेन, लेनर्ड सेगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीला लावून दाखविले. आणि १९८७ साली हॉलंडमधील डेल्फ्टच्या हान्स पाचेका यांनी बाकर व न्यूबोर्ग या सहकाऱ्यांसह टायरच्या पकडीचे असे समीकरण प्रसिद्ध केले की, त्याला जादूचे सूत्र हेच नाव पडले. जादूचे अशासाठी की ते रबराच्या स्वभावातून पायरीपायरीने सिद्ध केलेले नाही. मोजून आलेल्या रेषेवर ते चपखल बसते, एवढाच त्याचा दाखला. त्या रेषेचा आकार मात्र प्रत्येक ड्रायव्हरच्या ओळखीचा आहे. तिरकेपणा वाढेल तशी पकड वाढते, एका शिखराला पोहोचते आणि त्यानंतर उतरू लागते. शिखराच्या अलीकडे गाडी तुमची, पलीकडे ती तुमची राहत नाही.

आता यंत्राकडे वळू. जमिनीवर बसून वाहन चालविण्याचे शिक्षण देण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक हा बाजाचे मोठे ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारे विमान तयार केले. प्रथम ते जत्रेतील गंमत म्हणून पाहिले गेले; १९३४ साली टपाल वाहून नेणाऱ्या लष्करी विमानांचे अपघात झाले, तेव्हा सैन्याने ते विकत घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. खेळ, मग शिक्षण, मग उद्योग हा क्रम येथे प्रथम दिसतो.

मोटारीच्या बाबतीत तोच क्रम पन्नास वर्षांनी आला. १९८४ साली जेफ क्रॅमंड या इंग्रज गृहस्थाने, ज्यात अवघी ३२ किलोबाइट स्मरणशक्ती होती अशा घरगुती संगणकासाठी, रेव्ह्ज नावाचा खेळ लिहिला. त्यात सिल्व्हरस्टोनचा खरा मार्ग होता. मोटार म्हणजे पडद्यावर सरकणारे चित्र न ठेवता, वजन आणि पकड असलेली वस्तू मानण्याचा तो प्रयत्न होता. १९९८ साली अमेरिकेत डेव्हिड केमर आणि मंडळींनी १९६७ सालच्या शर्यतींवरचा ग्रां प्री लेजंड्स हा खेळ काढला. त्यात चारही टायरांचा हिशेब वेगवेगळा होता आणि नवशिक्याला पहिले वळणही पार करता येत नसे. पुढे त्याच केमरने २००४ साली आयरेसिंग ही संस्था काढली. २००८ पासून लोक तीत दूरदूरून एकत्र शर्यती करू लागले. इटलीतील रोमजवळच्या व्हाल्लेलुंगा शर्यतमार्गावर बसून कुनोस नावाच्या मंडळींनी २०१४ साली असेट्टो कोर्सा पुरा केला.

या खेळांत दोन गोष्टी स्वतंत्र बांधलेल्या असतात, आणि त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, मार्ग. लेझर किरणांचे यंत्र खऱ्या रस्त्यावरून फिरवितात. ते कोट्यवधी ठिपक्यांची उंची टिपते. त्यातून डांबरावरचा ठिगळ, कडेचा उंचवटा, वळणाचा कल, पाणी जाण्याचा उतार हे सारे संगणकात उतरते. जेथे लेझर परवडत नाही तेथे हौशी मंडळी नकाशे, उंचीचे आकडे आणि छायाचित्रे जुळवून तोच मार्ग रात्री जागून बांधतात. दुसरी गोष्ट, गाडी. तिचे वजन, ते पुढे-मागे कसे वाटले आहे, पाटे किती ताठ, टायर किती तापले, हवेचा दाब किती हे आकडे भरावे लागतात. मग यंत्र सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा हा प्रश्न सोडविते: या क्षणी, या ठिपक्यावर, या चाकाला किती पकड आहे? उत्तर स्टिअरिंगच्या मोटारीतून मुलाच्या मनगटाला कळते. बोरघाटातील गाडीवानाला बैलाच्या कासऱ्यातून जे कळत होते, तेच हे.

क्रम किती उलटला आहे, याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. ग्रेटर नोइडा येथे हर्मान टिल्के या जर्मन रचनाकाराने ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध मार्ग आखला. तेथे फॉर्म्युला वनची पहिली शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. अशा शर्यती २०१३ पर्यंत तीन झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. परंतु त्या वर्षीचा संगणकावरील खेळ सप्टेंबरातच बाजारात आला होता आणि बुद्ध मार्ग त्यात होता. खऱ्या गाडीचे चाक तेथे शर्यतीत फिरण्यापूर्वी जगभरच्या मुलांची चाके तेथे फिरून गेली होती. पूर्वी पाऊल आधी आणि नकाशा मागून. आता आकडा आधी आणि पाऊल मागून.

२०२० साली महामारीने खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा ल मांची चोवीस तासांची शर्यतही जून महिन्यात संगणकावर झाली. त्याच्या आधीच्या महिन्यात एक बोलकी घटना घडली. विजेच्या गाड्यांच्या स्पर्धेतील डॅनियल आब्ट या जर्मन ड्रायव्हरने घरच्या घरी होणाऱ्या अशा एका शर्यतीत आपल्या जागी दुसऱ्या पटाईत मुलाला बसविले. आब्टला तो विनोद वाटला. त्याच्या ऑडी संघाने त्याला कामावरून दूर केले. खेळाने आपली नोकरी गेली असे म्हणणारा तो बहुधा एकटाच नसेल. ज्या दिवशी खेळात शिस्तभंगाची कारवाई होते, त्या दिवशी तो खेळ कामाच्या सदरात गेला असे आम्ही समजतो. आणि काम म्हटले की त्याच्याविषयी बोलण्याचा आम्हांला अधिकार येतो.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकन व्यवस्थापकाने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. कामगारांजवळ परंपरेने असलेले सारे ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम आणि सूत्रे करावीत आणि मग कामगाराने कसे हात हलवावेत ते त्याला लिहून द्यावे, हे त्यांतील पहिले तत्त्व. टेलरच्या हातात घड्याळ होते. आजच्या मोटार कारखान्यात तीच गोष्ट अधिक सफाईने होते. नवी गाडी लोखंडात ओतण्यापूर्वी संगणकात चालविली जाते. चाचणी ड्रायव्हरने वर्षानुवर्षे दिलेल्या अभिप्रायांवर तो संगणक तोलून घेतलेला असतो. ड्रायव्हरची पाठ दुखणे कमी झाले, जीव धोक्यात घालणे कमी झाले, हे चांगलेच झाले. भोसरीच्या रस्तेवाहतूक संस्थेसारख्या ठिकाणी नव्या माणसाला खऱ्या घाटात नेण्यापूर्वी खोलीत बसवून घाट दाखविता आला, तर त्याला विरोध करणारी कामगार संघटना मूर्ख ठरेल. चरख्याच्या वेळेपासून यंत्राला विरोध करणारे हरत आले आहेत, आणि पुष्कळदा हरणे योग्यही होते. आमचा वाद यंत्राशी नाही. आमचा वाद हिशेबाच्या अपुरेपणाशी आणि त्याच्या मालकीशी आहे.

अपुरेपणा असा. ज्या यंत्राला टायरचे तपमान ठाऊक असते, त्याला ड्रायव्हरचे तपमान ठाऊक नसते. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. किसन राऊत ड्रायव्हर आणि लक्ष्मण केवटे कंडक्टर होते. त्या दिवसापासून आजवर राज्याच्या घाटांतून जी एस.टी.ची गाडी चालली, ती पकडीच्या सूत्रावर जितकी चालली तितकीच ड्रायव्हरच्या झोपेवर. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला आणि त्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. पुढे २०२० च्या संहितेत तो सामावून घेण्यात आला. ही मर्यादासुद्धा एक वळणाचा हिशेबच होती. आठव्या तासाला हात जितक्या लवकर फिरतो तितक्या लवकर तो चौदाव्या तासाला फिरत नाही. मग ३० मीटरचे वळण तेच असले तरी माणूस तो राहिलेला नसतो. अपघातानंतर चौकशी होते, चाकाच्या खुणा मोजतात, वेग काढतात आणि चालकाची चूक असा शेरा मारतात. वेगाचा वर्ग त्यांनी बरोबर केलेला असतो. तासांचा वर्ग कोणी करीत नाही. रस्ते परिषदेच्या सूत्रात कडब्याच्या गाडीला जागा मिळाली होती. थकलेल्या ड्रायव्हरला जागा देणारे सूत्र अजून लिहिले जायचे आहे, आणि ते लिहिण्यासाठी मनुष्य मोजणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. ती वापरायची ठरली, तर ती ड्रायव्हरला शिक्षा करण्यासाठी न वापरता त्याला वेळेवर उतरविण्यासाठी वापरावीत, एवढी दक्षता संघटनांनी घ्यावी.

मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. संगणकातील रस्ते बांधणाऱ्या हौशी मुलांचे काम पाहावे. ग्रां प्री लेजंड्स काढणारी कंपनी बंद पडली, तरी लोकांनी त्याला नवे मार्ग जोडणे वर्षानुवर्षे चालू ठेवले. आपल्याकडची पोरे इंडोनेशियातील बसच्या खेळात आपली लाल परी घालतात. तिचा रंग, तिच्यावरची मराठी अक्षरे, सारे हुबेहूब करतात. त्यांना कोणी पगार देत नाही. खेळ विकणाऱ्याचा माल मात्र त्यामुळे अधिक खपतो. ही वेठ आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण ती आनंदाने केली जाते. पण आनंदाने केलेल्या श्रमालाही नाव असते, आणि ते नाव मालावर लागले पाहिजे. आपल्या मंडळींनी निदान एवढा आग्रह धरावा.

आणि त्या मुलांना आमचे सांगणे असे. तुम्ही परदेशातील मार्ग बांधता, ते बांधा. पण खंडाळ्याचा जुना घाट, दिवे घाट, वरंधा, आंबेनळी हे आपले मार्ग बांधताना एखाद्या निवृत्त एस.टी. ड्रायव्हरला शेजारी बसवून घ्या. नकाशात उंची मिळेल, लेझरने खड्डा मिळेल. पण पावसाळ्यात कोणत्या वळणावर डोंगराचे पाणी रस्त्यावर येते, कोठे धुके आधी उतरते, चढावर गाडी बंद पडली तर चाकाला दगडाची उटी कोठे लावावी, हे त्यालाच ठाऊक आहे. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीला आली आहेत. त्यांची विद्या कोणत्याच वहीत उतरलेली नाही, आणि ती कशात उतरविण्याचे इतके चांगले साधन पूर्वी कधी नव्हते. संगणकात तो घाट पुरा झाला म्हणजे त्याच्या पहिल्या पाटीवर त्या ड्रायव्हरचे नाव घाला, आपले नाव त्याच्याखाली लिहा.

खडकी-दापोडीच्या कार्यशाळांतून अशी शेकडो माणसे बाहेर पडली आहेत. कोणी एंजिनाच्या आवाजावरून झडपेतील दोष सांगत असे, कोणी हात लावून बेअरिंग किती टिकेल ते सांगत असे. येथील वाचनालयांनी आणि कामगार संघटनांनी मिळून या वर्षी त्यांच्या मुलाखती नोंदविण्यास आरंभ करावा, अशी सूचना आम्ही या व्यासपीठावरून करीत आहो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दर रविवारी दोन तास आणि ऐकण्याची तयारी पुरे. शिंग्रोबाने वाट दाखविली आणि त्याला देऊळ मिळाले. पुढच्या वाटाड्यांना त्यांच्या हयातीतच नाव आणि दाम मिळावे, आणि ते मागण्याची जबाबदारी आपली आहे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.